दोन खुर्च्यांचं दुकान

४ फेब्रुवारी

धाकटे,

आधी निरोप, मग खुशाली. भावजींना सांग, दुकान विकायचं नाही. त्यांनी पाठवलेल्या कागदांवर मी सही केलेली नाही आणि करणारही नाही. कागद इतके गुळगुळीत आहेत की आरसा पुसायलासुद्धा उपयोगाचे नाहीत.

पत्र त्यांना न लिहिता तुला लिहिते आहे, याचं तुला नवल वाटेल. फोन केला तर तो तेच उचलतात, आणि मागे तू भांडी वाजवतेस तेवढं मला ऐकू येतं. पत्र तुझ्या नावाचं असलं की तुझ्या हातात पडेल. फाडायचं तर फाड, पण वाचून फाड. ह्यांना जाऊन आठवडासुद्धा झाला नव्हता, तेव्हा भावजींनी विक्रीची गोष्ट काढली. मी त्यांना दार दाखवलं आणि त्यांच्यामागून तूही भरलेला पेला तसाच ठेवून उठलीस. त्यानंतर आपण दोघी जावा एकमेकींशी बोललेलो नाही. बरं, ते राहू दे.

खुशाली अशी, की आपल्या गल्लीत आता दोनच दारं उघडतात. एक आपलं, एक समोरच्या शिंप्याचं. हमरस्त्यावर ते मोठं दुकान झालं ना, जिथे लोक ढकलगाडी घेऊन हिंडतात आणि आपलं सामान आपणच उचलतात, त्याच्यापुढे किराणावाल्याने वर्षभर दम काढला. मग एका सकाळी तराजू-मापं टेम्पोत घालून मुलाकडे निघून गेला. त्याच्या पायरीवर बसणाऱ्यांच्या जिवावर चहावाला जगत होता, तोही गेला. पिठाच्या गिरणीला कुलूप आहे. पोस्टाची खिडकी बंद झाली, पोस्टमन शहरातून येतो तेव्हा येतो. बस आता गावात वळत नाही, फाट्यावरच माणसं सोडून पळते. बंद झालेलं प्रत्येक दुकान एकाच माणसाने घेतलंय. आम्ही त्याला बांधकामवाला म्हणतो. हे सगळं पाडून त्याला त्या मोठ्या दुकानाची गोदामं बांधायची आहेत. भावजींच्या हातात कागद त्यानेच दिले, हे मला कळत नाही असं समजू नकोस.

आपलं दुकान मात्र चालू आहे. रोज सकाळी मी शटर वर करते, झाडते, आरसा पुसते, दोन्ही खुर्च्यांवरची धूळ झटकते. माणसं येतात, बसतात, पेपर वाचतात. तू काळजी करू नकोस. करत नसशीलच म्हणा.

तुझी थोरली


२७ फेब्रुवारी

धाकटे,

दुकान चालू आहे असं मी लिहिलं होतं. शटर चालू होतं, एवढंच खरं. केस कापायला होतं कोण? माणसं यायची, आपल्या आरशात बघून भांग पाडायची, ह्यांची आठवण काढून चुकचुकायची, आणि केस कापायला हमरस्त्याला जायची. न्हाव्याशिवाय न्हाव्याचं दुकान उघडून बसणारी बाई म्हणून गावात माझं हसं होत होतं. मला ऐकू येत होतं. कान शाबूत आहेत माझे.

परवा लोहारकाका आले. त्यांचा भाता थंड होऊन बरीच वर्षं झाली, आणि गेल्या हिवाळ्यात झटका आल्यापासून उजवा हात लोंबकळतो. दाढी सून करून देते. सून बिचारी घाईत असते, त्यामुळे काकांचा चेहरा मांजराने बोचकारल्यासारखा दिसतो. ते काठी टेकत आत आले आणि थेट ह्यांच्या खुर्चीत बसले. पेपरकडे पाहिलंही नाही.

मी म्हटलं, "काका, दाढी करायला कोणी नाही इथं."

"तू आहेस की."

"मी?"

"सूनबाई, तो वर्षभर अंथरुणाला खिळला होता. मी दर आठवड्याला बघायला यायचो. एकदाही त्याच्या गालावर खुंट दिसला नाही मला. तो काय झोपल्याझोपल्या आपली दाढी करत होता?"

तुला हे माहीत नसेल. हे पडून होते ना, तेव्हा स्वतःचे हात थरथरायचे म्हणून त्यांनी मला वस्तराही शिकवला आणि कात्रीही. पहिल्या दिवशी मी इतकी घाबरले होते की वस्तरा धरताना डोळे मिटले. हे खालून म्हणाले, "अगं, डोळे मी मिटतो, तू उघडे ठेव. कातडं ताण, हात नको ताणू." माझ्या हातून कापलं तर शिव्या द्यायचे नाहीत, नुसतं "इथं वळण आहे" म्हणायचे. शेवटी शेवटी बोलणंही बंद झालं होतं, पण गाल मात्र बरोबर फिरवायचे.

मी काकांच्या गळ्याभोवती कापड बांधलं. फेस केला. वस्तऱ्यात नवं पातं घातलं. बाहेर कुजबुज सुरू झाली, शिंपी दारात येऊन उभा राहिला, त्याच्यामागे आणखी दोन डोकी. मी कोणाकडे बघितलं नाही. आधी सुलटा हात, मग उलटा, हनुवटीखाली जरा जपून. तुरटी फिरवली. काका डाव्या हाताने गाल चाचपत राहिले, बराच वेळ. मग आरशातूनच दारातल्या लोकांना म्हणाले, "काय बघताय? रांग लावा."

रांगबिंग लागली नाही. दोघंजण तर नाक मुरडून गेले. पण शिंपी बसला, आणि बसताना म्हणाला, "वहिनी, कान दोनच आहेत, एवढं लक्षात असू द्या." त्याचे दोन्ही कान जागेवर आहेत. हे भावजींनाही सांग.

थोरली


३१ मार्च

धाकटे,

भावजींचा फोन आला होता. तू जवळपास होतीस का? असलीस तर त्यांचा आवाज ऐकला असशील, कारण मला तो फोनशिवायसुद्धा ऐकू आला असता. घराण्याची अब्रू गेली म्हणाले. परक्या पुरुषांच्या गालाला हात लावतेस म्हणाले. मी म्हटलं, भावजी, शहरात तुमच्या थंडगार दुकानात त्या दोन मुली केस कापतात, त्या काय लांबून फुंकर मारतात? तेव्हा त्यांनी फोन आपटला.

इथे निराळंच घडलंय. शिंप्याने दुकान रिकामं केलं. त्याच्या मालकानेच बांधकामवाल्याला विकलं, तो काय करणार? सामान बांधून रस्त्यात उभा होता, शिलाई मशीन पायाशी, कुठे जावं कळत नव्हतं. मी म्हटलं, खिडकीशी जागा आहे, तिथे मांडा. दुसरी खुर्ची जरा सरकवली. आता एका बाजूला माझी कात्री, दुसऱ्या बाजूला त्याची. शर्टाचं माप देताना गिऱ्हाईक ताठ उभं राहतं, आणि त्याला तसं ताठ बघून माझ्या खुर्चीतलं गिऱ्हाईकही मान सरळ धरतं. दोघांचंही काम सोपं होतं.

त्यानंतर कोणीतरी किटली आणली. मग बसायला बाक आला, तो गिरणीच्या पडवीतला आहे, कोणी उचलून आणला मी विचारलं नाही. पोस्टमन आता सगळ्या गावाचं टपाल आपल्याकडेच ठेवून जातो, कारण माणसं इथेच भेटतात. बस फाट्यावर किती वाजता येते, कोणाची म्हैस हरवली, कोणाच्या मुलाला नोकरी लागली, कोण आजारी आहे, सगळं आधी इथे कळतं. शेजारच्या गल्लीतली एकटी म्हातारी सकाळी दिसली नाही, हे याच बाकावर कोणाच्या तरी लक्षात आलं. दार तोडून आत गेले तेव्हा ती न्हाणीघरात पडलेली सापडली, मांडी मोडून. दवाखान्यात आहे, बरी होईल. ढकलगाड्यांच्या त्या दुकानात ती महिनाभर दिसली नसती तर कोणाला कळलं असतं? तिथे तर रोज जाणाऱ्यालाही कोणी ओळखत नाही.

तेव्हा भावजींना विचार, यात अब्रू नेमकी कुठून गेली. मी जाऊन शोधून आणते.

ते येणार आहेत म्हणे. येऊ देत.

थोरली


१९ एप्रिल

धाकटे,

भावजी घरी आले तेव्हा तू दारातच विचारलं असशील, अर्धी दाढी कुठे गेली? त्यांनी तुला काय सांगितलं असेल ते मला माहीत नाही. झालं ते असं.

बांधकामवाल्याच्या गाडीतून आले. दुकान भरलेलं होतं. लोहारकाका बाकावर, शिंपी मशीनवर, पोस्टमन पत्रं लावत बसलेला, आणखीही चारपाचजण. भावजींना वाटलं असणार, वहिनी एकटी असेल, दोन शब्दांत उरकेल. बांधकामवाला दारातूनच भिंती बघू लागला, टेप लावल्यासारखा नजरेने.

भावजी म्हणाले, "वहिनी, स्पष्ट बोलतो. दुकान दोघा भावांच्या नावावर आहे. अर्धं माझं आहे."

"अर्धं तुमचंच आहे," मी म्हटलं. "बसा. केवढी दाढी वाढलीय."

"मी दाढी करायला आलेलो नाही."

"एवढ्या लांबून आलात, आणि स्वतःच्या दुकानात बसणार नाही?"

सगळे बघत होते. लोहारकाका म्हणाले, "बस रे. घाबरतोस की काय बाईमाणसाला?" त्यावर ते बसले. बसावंच लागलं.

मी कापड बांधलं. पाणी भरपूर घेतलं, नाहीतर वहिनीने दिराची बिनपाण्याने केली म्हणून गावभर झालं असतं. मान मागे टेकवली तेव्हा टाळूवरचा भोवरा दिसला. तुला ठाऊकच आहे, दोघा भावांचा भोवरा अगदी सारखा, डावीकडे वळलेला. वाटलं, सगळं राहू द्यावं, छान गुळगुळीत दाढी करावी आणि जेवायला थांबा म्हणावं. खोटं नाही सांगत. मी ब्रश फिरवत राहिले, उगाचच, फेस झाला होता तरी.

तेवढ्यात ते डोळे मिटून म्हणाले, "दादा असता तर त्याने केव्हाच सही केली असती."

धाकटे, ह्यांनी शेवटच्या दिवसांत या दुकानाचा वास यावा म्हणून उशाशी साबणाची वडी ठेवून घेतली होती. तो माणूस सही करणार? केसाने गळा कापणं म्हणतात ते काय असतं, ते मला तिथे वस्तरा हातात असताना कळलं. पण मी हात ताणला नाही. डावा गाल केला. सुलटा, उलटा, कल्ला सरळ, जसं ह्यांनी शिकवलं तसंच, एक खुंट राहू दिला नाही. नाकापासून हनुवटीच्या मधोमध आले, वस्तरा पुसला, कापड सोडलं आणि म्हटलं, "झालं."

त्यांनी डोळे उघडले. अर्धा गाल लख्ख, अर्ध्यावर फेस.

"हे काय?"

"अर्धं तुमचं म्हणालात ना? तुमच्या वाटणीचं झालं. उरलेलं माझं आहे, ते मी देणार नाही."

शिंप्याचं मशीन थांबलं. मग लोहारकाका असे हसले की त्यांना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. बांधकामवालासुद्धा तोंड फिरवून खांदे हलवत होता. भावजी कापडाने फेस पुसत उठले. मी म्हटलं, बसा, पूर्ण करून देते, माझं एवढंच म्हणणं आहे की हे पूर्णच असू द्या. खरंच म्हटलं, टोमणा नव्हता. पण ते गाडीत जाऊन बसले होते.

ते गेल्यावर दुपारभर कोणाची दाढी केली नाही, फक्त केस कापले.

आता ते गप्प बसणार नाहीत, हे मला कळतं.

थोरली


२२ मे

धाकटे,

नाहीच बसले. विकला त्यांनी त्यांचा अर्धा भाग. कायद्याने विकता येतो म्हणे, वकिलाला विचारलं मी. बांधकामवाल्याला तुकड्याचा काही उपयोग नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. त्याचा हिशोब असा की मधोमध भिंत घातली की बाई गुदमरून आपण होऊन निघेल.

भिंत झाली. दुकानाच्या बरोबर मध्ये, दारापासून मागच्या मोरीपर्यंत. तो मोठा आरसा दोन्ही खुर्च्यांसमोर एकसंध होता. सोडवताना तडकला आणि खाली आला. माझ्या लग्नाच्याही आधीचा होता तो. मी रडले नाही. लोकांसमोर तरी नाही.

शिंप्याची जागा भिंतीपलीकडे गेली. त्याने बाहेर रस्त्याच्या कडेला ताडपत्री बांधून मशीन लावलंय आणि म्हणतो, इथे उजेड बरा आहे. बाक बाहेर, किटली बाहेर, दुसरी खुर्चीही बाहेर. आत मी, एक खुर्ची, आणि घरून आणलेला कपाटाचा आरसा. त्यात उंच माणसाची हनुवटी दिसते तर डोकं दिसत नाही. गिऱ्हाईक कमी झालंय. काही म्हणतात, आत जीव घुसमटतो. काहींना आपण हरणार असं वाटतं, आणि हरणाऱ्याच्या बाकावर कोणाला बसायचं असतं?

गंमत मात्र एक झाली. भिंत बांधणारा गवंडी परगावचा. दिवसभर माझ्या कानाशी थापी वाजवायचा आणि मान वर करायचा नाही. शेवटच्या दिवशी हातपाय धुऊन दारात आला. म्हणाला, "बाई, केस वाढलेत. तुम्ही कापाल का? नाही म्हणालात तरी रागावणार नाही." मी म्हटलं, "भिंत तुमची नाही, डोकं तुमचं आहे. बसा." जाताना त्याने माझ्या बाजूच्या गिलाव्यावरून पुन्हा एकदा हात फिरवला आणि पुटपुटला, "या बाजूला मी जास्त घोटून काढलीय. चुना लावा, उजेड वाढेल." दुसऱ्या दिवशी लावला. वाढला उजेड.

बांधकामवाल्याचा निरोप आला, आता तरी किंमत सांगा. मी उत्तर पाठवलं, दाढी करायची असेल तर या, पूर्ण करेन.

भावजींना काही सांगू नकोस. त्यांना सांगण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही. हे पत्र तुझ्यासाठीच आहे.

थोरली


३० जून

धाकटे,

पुडकं मिळालं. बसच्या वाहकाने फाट्यावर उतरवलं आणि पोस्टमन घेऊन आला. चिठ्ठी नव्हती, पत्ता तुझ्या अक्षरात होता. आत लांब पात्याची कात्री, दातेरी कात्री, क्लिपांचा डबा, आणि एक गोल हातआरसा. ही बायकांचे केस कापायची हत्यारं आहेत, शहरातल्या दुकानातली. मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले थोडा वेळ. शिंप्याने बाहेरून विचारलं, "वहिनी, सगळं ठीक?" मी म्हटलं, "डोळ्यात केस गेला."

कात्री तू कशाला पाठवलीस ते मला लगेच कळलं नाही. आधी वाटलं, दया. दया मला नको होती, परतच पाठवणार होते. पण त्या दुपारी लोहारकाकांची सून आत आली, काकांना न्यायला. तिने ती कात्री उचलून पाहिली आणि म्हणाली, "काकू, माझे कापाल? केसांना कधीचे फाटे फुटलेत. हमरस्त्याला एकटीने जायचं तर घरी शंभर प्रश्न."

मी तिला खुर्चीत बसवलं. तिच्या आयुष्यात ती या दुकानात पहिल्यांदा बसत होती, आणि घर इथून हाकेच्या अंतरावर. धाकटे, तूसुद्धा कधी बसली नाहीस. मीसुद्धा नाही, झाडायलाच आत यायचे. गाव उजाड झालं असं बाप्ये म्हणतात ते किराण्याच्या पायरीवरून आणि चहाच्या टपरीवरून. बायकांना बसायला गिरणीचा बाक तेवढा होता, दळण होईपर्यंतचा. तो गेला तेव्हा कोणी चुकचुकलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी तिने दोघींना आणलं. मग त्यांच्या सासवा आल्या, सुना काय करतात ते बघायला, आणि बघता बघता बसल्या. आता दुपार बायकांची, असा नियम मी काढलाय. पुरुषांनी सकाळी यायचं. पोस्टमन कुरकुरला, "मग दुपारी आम्ही जायचं कुठे?" तेव्हा ती दवाखान्यातून परत आलेली म्हातारी, कुबडी घेऊन बसते बिचारी, ती म्हणाली, "आम्ही इतकी वर्षं जायचो तिथे. घरी."

काल बांधकामवाल्याचा माणूस आला. पलीकडच्या भागाला त्याने लोखंडी शटर बसवलंय, आत अजून रिकामंच आहे. बाक त्या शटरसमोर येतो, हलवा म्हणाला. बाकावर सहासात बायका होत्या, कोणाचे केस ओले, कोणाच्या डोक्यात माझ्या क्लिपा. कोणी उठलं नाही. म्हातारीने त्याला जवळ बोलावलं. "शटर तुझ्या मालकाचं ना?" "हो आजी." "मग त्याला सांग, त्याने शटरच्या आत बसावं. रस्ता सगळ्यांचा आहे, आम्ही रस्त्यावर बसलोय." तो गेला. पुन्हा येईल. आम्ही असू.

तुला वाटेल मी जिंकले म्हणून नाचते आहे. तसं नाही. गिऱ्हाईक वाढलं तरी आत एकच खुर्ची मावते, पावसात ताडपत्री गळते, आणि हमरस्त्यावरचं दुकान काही उठून जाणार नाही. लोहारकाकांना चालवत नाही आता, दाढी करायला मीच त्यांच्या घरी जाते. पण उद्या बंद होणार असेल तर उद्या होईल. आज मी शटर वर केलं.

आणि ऐक. दोन हातांना हे काम आवरत नाही. लांब केसांचं मला नीट जमत नाही, मागून वाकडं होतं, बायका भिडेखातर बोलत नाहीत एवढंच. तू शहरात त्या दोन मुलींच्या मागे उभी राहून इतकी वर्षं बघते आहेस, आणि भावजी तुला कात्रीला हात लावू देत नाहीत, हे मला कोणी सांगायला नको. हत्यारं पाठवलीस ती नीट तेल घालून, धार लावून. असं काम न येणारी बाई करत नाही.

भावजींनी विचारलं कात्री कुठे गेली, तर लपवू नकोस. थोरलीकडे गेली म्हणून सांग, आणि थोरली परत देणार नाही म्हणून सांग. तुला हवी असेल तर इथे येऊन वापर.

दारात लोहारकाकांची सून ओले केस घेऊन उभी आहे. जाते.

तुझी थोरली